मीठ कळतं

चार वर्षं आम्ही त्याला ‘जाळ’ म्हणत होतो.
त्यानंच घेतलेलं नाव. चेहरा कुणी पाहिला नव्हता,
फोटोत फक्त हात यायचे :
अंगठ्याच्या नखावर एक उभी काळी रेघ,
आणि हातात रोडगे, गोवऱ्यांच्या राखेतून नुकते झटकलेले.
म्हणून नाशिकरोडच्या फलाटावर मी
लोकांचे अंगठे बघत उभी.

हेरंब वऱ्हाडपांडे. बडनेऱ्याहून, रात्रभर बसून.
उंची माझ्या खांद्याएवढी, स्वेटर घरी विणलेला,
पिशवीत आमच्यासाठी सांडगी मिरच्या.
“एवढ्या जाळाचा माणूस इतकासा?”
कडलग गाडीत बोलून गेला.
तो हसला, म्हणून मग आम्ही.

संध्याकाळी गिरणाऱ्याला, थेट्यांच्या मळ्यात बार्बेक्यू.
अंबडच्या वर्कशॉपात ऑइलचं पिंप उभं चिरून
कडलगनं शेगडी केलेली;
जाळी नवी कोरी, बिलासकट दाखवली.
सरपण थॉमसनच्या काड्यांचं,
एप्रिलच्या छाटणीतलं, खळखळ वाळलेलं.
द्राक्षाची काडी भसकन पेटते
आणि निखारा फार वेळ थांबत नाही,
हे थेटे चौथ्यांदा सांगत होते.
शगुफ्ता ओल्या हातानं सीख थापत होती.
निरगुडे सरांची वांगी, कणसं, रताळी
वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या चिमट्यानं.
मध्ये त्यांनी विटांची सीमा घातली होती.

थंडी निफाडकडून निघाली होती, पोचली.

पहिली सीख पाहुण्याला.
आम्ही पाचही जण त्याच्या तोंडाकडे बघत.
ज्यानं एकदा नुसत्या जिऱ्यावर
दोन पानं लिहिली होती, तो हा.
त्यानं चावलं. थांबला.
“मीठ बरोबर आहे.”

आणि?

“मीठ कळते. आंबट कळते. मिरची भाजते.
बाकी मले दीड वर्षापासून काही येत नाही.
तापात वास गेला, त्याच्यासंगं सगळंच गेलं.”

चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला, चुर्र झालं.
तेवढंच.

म्हणजे ते भरताबद्दलचं? दिवाळीतलं ते अनारशांचं?
“आठवून. तुमचं वाचून, त्यात माझं जुनं मिसळून.”

मला राग आला. खरंच आला.
‘हिंग आधी घाल’ असं त्यानं लिहिलं म्हणून
गेल्या श्रावणात मी आईशी दोन दिवस बोलले नव्हते.

शगुफ्तानं सीमेतली एक वीट ओढली
आणि त्याच्याशेजारी बसली. सर काही बोलले नाहीत.
“मी सांगते,” म्हणाली,
आणि तिला सांगता येईना.
“दालचिनी... नाही, थांब.
अम्मीच्या कपाटात वरच्या खणात... छे.”
चवीवरून रात्र रात्र भांडणारे आम्ही
एकेक घास तोंडात धरून
शब्द शोधत बसलो, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे.
थेटे म्हणाले, “तापल्या सरीत पाणी सोडलं की जे...”
आणि अडले.
शेवटी सर, रताळ्याचं साल काढता काढता :
“बाहेरून कडू आहे. आत गोड नाही,
गोडाच्या जरा अलीकडे.”
त्यानं डोळे मिटले.
“हां. हे आलं.”

कणसं मात्र त्यानंच भाजली.
आमच्या ओळखीचे हात पहिल्यांदा हलताना दिसले.
जाळीवर वाकून, कान देऊन,
दाणा तडकला की एक वळसा,
पुन्हा तडकला की दुसरा.
एकही करपलं नाही.
निखारे विझत आले तरी कुणी उठेना.

परवा रात्री त्याला गाडीत बसवलं.
ओढणी अजून धुवायला टाकली नाही.
धुराचा वास कसा आहे, ते त्यानं विचारलंय.
लिहिते आहे : जळक्या गुळासारखा, पण
गूळ नाही. वेल पेटल्यावर वेलाचा
जो... खोडते.
पुन्हा ओढणी नाकाशी धरते.